पाण्यापलीकडील नभोवाणी

ज्या गांवास स्वतःचें नभोवाणी-केंद्र नाहीं, त्या गांवच्या माणसानें नभोवाणीच्या बदलत्या रूपांविषयीं लिहावें, हें कित्येक वाचकांस विचित्र वाटेल. परंतु देवळाच्या घंटेचा नाद कोठवर पोंचतो, हें घंटा वाजविणाऱ्यास कळत नाहीं. तें वेशीबाहेरच्या शेतांत काम करणाऱ्यास विचारावें लागतें. मुंबईच्या नभोवाणीपुरतें आमचें रेवस हें असेंच वेशीबाहेरचें शेत आहे. गेलीं कित्येक वर्षें आम्ही रेवसकर ती ऐकत आलों, तिच्या कार्यक्रमांच्या तऱ्हा बदलतांना पाहत आलों. आणि तरीहि तिच्या चालकांच्या हिशेबांत आमची गणना कधीं झाली असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. त्या बदलत्या तऱ्हांचाच थोडासा वृत्तान्त येथें सांगण्याचा विचार आहे, आणि तो सांगतांना ‘श्रोता म्हणजे कोण?’ हा एक प्रश्न आम्ही हातीं धरून चालणार आहों.

रेवस हें अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोकाचें बंदर. धरमतरची खाडी येथें समुद्रास मिळते. खाडीपलीकडे उरणचें करंजा, आणि मोकळ्या पाण्यापलीकडे मुंबई. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच तासा-दीड तासांत आमच्या धक्क्यास लागते. मुंबईचा आवाज मात्र क्षणांत येतो. त्या येण्यांतहि एक मौज आहे. मध्यम लहरींवरील जुनी नभोवाणी पृथ्वीच्या पृष्ठास धरून चालते, व खारें पाणी विजेचें चांगलें वाहक असल्यानें समुद्रावरून ती फारशी न थकतां दूरवर जाते. एफ्. एम्. च्या लहरींचें तसें नाहीं. त्या नजरेप्रमाणें सरळ रेषेंत धांवतात, आणि वाटेंत डोंगर आडवा आला कीं त्यांचें बळ खचतें. म्हणून आमच्या धक्क्यावर बसलेल्या माणसास मुंबईचें एफ्. एम्. केंद्र गिरगांवांत ऐकावें तसें स्पष्ट ऐकूं येतें. तोच माणूस डोंगराच्या कुशींतल्या आपल्या सोयऱ्याच्या घरीं गेला, तर त्याच यंत्रांतून नुसती खरखर ऐकतो. ज्यास मुंबईचे दिवे दिसतात त्यास मुंबईचें गाणें ऐकूं येतें, असा आमच्या लाँचवाल्यांचा सोपा नियम आहे. शास्त्राच्या पुस्तकांत याहून फारसें निराळें सांगितलेलें नाहीं.

मुंबईंत नभोवाणीचें नियमित केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं, त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें सुरू झालें. तें सरकारचें नव्हतें. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या नांवाच्या एका खासगी कंपनीचें होतें. ज्याच्या घरीं यंत्र असेल त्यानें वर्षास १० रुपये देऊन परवाना काढावा, आणि त्या पैशांतून कंपनीनें गाणें-बजावणें, भाषणें व बातम्या पुरवाव्यात, अशी ती योजना होती. अर्थात् त्या काळीं श्रोता म्हणजे परवानाधारक. १० रुपये ही तेव्हां एखाद्या मजुराची कित्येक दिवसांची कमाई होती, आणि यंत्राची किंमत तर याहून कितीतरी पट. मुंबईसारख्या शहरांतहि असे गिऱ्हाईक पुरेसे मिळेनात. तीन वर्षेंहि पुरीं न होतां, १९३० सालीं, कंपनीचें दिवाळें वाजलें, व सरकारनें तो पसारा आपल्या हातीं घेतला. १९३६ च्या जून महिन्यांत त्यास ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव मिळालें. मुंबई केंद्रावरून पाश्चात्त्य संगीत साहेबलोकांसाठीं, मराठी व गुजराथी कार्यक्रम नेटिवांसाठीं, अशी वांटणी असे. रेवसच्या कोळीवाड्यांत त्या काळीं यंत्र असल्याचें कोणीहि सांगत नाहीं.

या पहिल्या कालखंडांतील आमच्या बाजूची एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे, आणि ती सांगितल्यावांचून पुढें जाणें आम्हांस शक्य नाहीं. १७ जुलै १९४७ हा तो दिवस. मुंबई केंद्रास वीस वर्षें पुरीं होण्यास सहा दिवस उरले होते. आषाढी अमावास्येचा सुमार असल्यानें मुंबईंत कामधंद्यास राहिलेले आमच्या भागांतले लोक घरीं यावयास निघाले होते. भाऊच्या धक्क्यावरून सकाळीं रेवसकडे सुटलेली ‘रामदास’ ही आगबोट काशाच्या खडकाजवळ वाऱ्यापावसांत कलंडली आणि बुडाली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. बोटीवर बिनतारी संदेश पाठविण्याचें यंत्र नव्हतें. त्यामुळें ज्या शहरांतून ती निघाली त्या शहरास दुपार उलटून जाईपर्यंत कांहींच कळलें नाहीं. जे थोडे पोहत अथवा वाहत किनाऱ्यास लागले, त्यांच्याच तोंडून तें कळलें. रेवस बाजूच्या कोळ्यांनीं आपल्या होड्यांतून कित्येकांस वांचविलें. वीस वर्षें ज्या मुंबईच्या हवेंतून गाणीं वांटलीं जात होतीं, तिच्यापासून अवघ्या कांहीं मैलांवर शेंकडों माणसांस एक हांक मारण्याचें साधन नव्हतें. आजहि आषाढाचा वारा सुटला कीं आमच्याकडील वृद्ध माणसें या दिवसाचें नांव काढतात. त्या पिढीस नभोवाणीची थोरवी गाण्यानें पटली नाहीं. समुद्र कसा आहे हें सांगणारा आवाज म्हणून पटली, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

स्वराज्यानंतर श्रोत्याची व्याख्या बदलली. आतां श्रोता म्हणजे सुधारावयाचा नागरिक! १९५२ सालीं माहिती व नभोवाणी खातें डॉ. बाळकृष्ण केसकर यांच्याकडे आलें. हे गृहस्थ अभिजात संगीताचे मोठे अभिमानी. सिनेमाचीं गाणीं लोकांची अभिरुचि बिघडवितात असा त्यांचा ग्रह होता, आणि त्यांच्या अमदानींत तीं नभोवाणीवरून जवळजवळ नाहींशीं झालीं. परिणाम काय झाला? लोकांनीं यंत्राची सुई फिरवून सिलोन लावलें. त्याच वर्षाच्या अखेरीस रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. गंमत अशी कीं, तिचे निवेदक अमीन सायानी हे मुंबईकर. त्यांचा कार्यक्रम मुंबईंत ध्वनिमुद्रित व्हावयाचा, तो कोलंबोस जावयाचा, आणि तेथून लघुलहरींवरून परत हिंदुस्थानांत यावयाचा. मुंबईचा आवाज रेवसला यावयास सरळ पाण्याची वाट असतांना तो लंकेस वळसा घालून येऊं लागला! सरकारनें अखेर हार मानली, आणि ३ ऑक्टोबर १९५७ पासून ‘विविध भारती’ सुरू केली. सुधारणा करावयाच्या नागरिकाची मनधरणी करण्याची पाळी सुधारकांवर आली, एवढाच त्याचा अर्थ. पुढें १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणें व नागपूर येथील विविध भारतीवर जाहिराती घेण्यास प्रारंभ झाला. तिसरी व्याख्या येथें जन्मास आली: श्रोता म्हणजे साबण विकत घेणारा मनुष्य.

या तीन व्याख्यांच्या भांडणांत मुंबई केंद्राची मराठी बाजू मात्र शांतपणें आपलें काम करीत होती, आणि आमच्या मतें तोच तिचा वैभवाचा काळ होय. ‘कामगार सभा’ ही गिरणगांवासाठीं असे. पण रेवस, बोडणी, सासवणे येथल्या घरोघरचा एखादा तरी मनुष्य मुंबईंत कामास असल्यानें ती आम्हां सर्वांचीच होती. दुपारीं ‘वनिता मंडळ’ लागे, आणि सुकटीच्या वाफ्यावर बसलेल्या बायका हातांतलें काम न थांबवितां तें ऐकत. ‘आपली आवड’ ऐकतांना पत्र धाडणाऱ्यांच्या नांवांत आपल्या तालुक्याचें नांव येतें कीं काय, यासाठीं पोरें कान टवकारून बसत. ‘पुन्हा प्रपंच’ मधील टेकाडे भावजी व मीनावहिनी हीं तर कोळीवाड्यांत घरच्या माणसांसारखीं होतीं. आणि या सर्वांच्या अधूनमधून, ठरलेल्या वेळीं, एक कोरडा, निर्विकार आवाज हवामान खात्याचा इशारा वाचून दाखवी: वारा कोणत्या दिशेचा, वेग किती, समुद्र खवळलेला राहील किंवा कसें, मच्छीमारांनीं पाण्यांत जावें कीं जाऊं नये. बंदरावर धोक्याचा बावटा चढे तो किनाऱ्यावरच्या डोळ्यांसाठीं. समुद्रांत गेलेल्या होडीस बावटा कोठून दिसणार? तिला हा आवाजच बावटा होता. आमच्या ओळखीचे एक तांडेल आपला ट्रान्झिस्टर मेणकापडांत बांधून सुकाणूजवळच्या खुंटीस अडकवीत. गाणें चालू असतांना बोललें तर त्यांस चालत असे. हवामान चालू असतांना कोणी खोकलें तरी ते रागावत.

आतां एफ्. एम्. कडे वळूं. ही पद्धत आपल्या देशांत १९७७ सालीं मद्रासेस प्रथम आली. मुंबईकरांस तिचा नाद लागला तो पुढें बऱ्याच वर्षांनीं. १९९३ सालीं सरकारनें आपल्या एफ्. एम्. केंद्रावरील कांहीं तास खासगी कंपन्यांस भाड्यानें द्यावयास सुरुवात केली. यंत्र सरकारचें, बोलणारा कंपनीचा, अशी ही कुळ-खोताची व्यवस्था पांच वर्षें चालली आणि १९९८ सालीं मोडली. मध्यंतरीं, ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें एक निर्णय दिला कीं, आकाशांतील लहरी ही सरकारची खासगी मिळकत नव्हे. ती सार्वजनिक मालमत्ता आहे, व तिचा उपयोग लोकहितासाठीं झाला पाहिजे. हा खटला क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवला होता, हें विद्यार्थ्यांस सांगितलें तर त्यांस न्यायशास्त्राची गोडी लागेल.

सार्वजनिक मालमत्तेचें सरकारनें पुढें काय केलें? तिचा लिलाव केला. १९९९ च्या धोरणानुसार शहराशहरांचे परवाने पुकारले गेले. मुंबईच्या परवान्याची वार्षिक फी ९ कोटी ७५ लक्ष रुपयांवर जाऊन थांबली, आणि तीत दरसाल शेंकडा १५ ची वाढ व्हावयाची, अशी अट होती. शाळेंतील मुलांनीं चक्रवाढीचें गणित करून पाहावें. या दरानें रक्कम पांच वर्षांत दुप्पट होते. २००२ च्या उन्हाळ्यांत मुंबईंत पांच खासगी केंद्रें लागोपाठ सुरू झालीं: रेडिओ मिर्ची, रेडिओ सिटी, रेड, गो आणि विन्. आम्ही धक्क्यावर बसून सुई एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरवीत असूं. जेथें पूर्वीं खरखर होती तेथें आतां हंसणें, टाळ्या व गाणीं होतीं. प्रथम तो चमत्कारच वाटला. पण गाणें संपून जाहिरात लागली, ती संपून दुसरी लागली, कीं नवल ओसरे आणि फीचा आंकडा आठवे. ज्याला वर्षास दहा कोटींच्या घरांत पैसे भरावयाचे आहेत, त्यानें काय बोलावें हें तो ठरवीत नसतो. तें त्याचा सावकार ठरवितो.

त्या पांचांपैकीं एकाच केंद्राची कथा जरा विस्तारानें सांगतों, कारण तिच्यांत सर्वांची कथा आली. ‘गो ९२.५’ हें केंद्र ‘मिड-डे’ या वृत्तपत्राच्या मंडळींनीं काढलें. आरंभीं त्याचा भर इंग्रजी गाण्यांवर व इंग्रजी संभाषणावर होता. मुंबईच्या दक्षिण भागांतील सुखवस्तु, मोटारींतून कचेरीस जाणारा तरुण हा त्याचा श्रोता. आम्हांस त्यांतलें निम्मेंच कळे; परंतु सकाळच्या निवेदकांचा खेळकरपणा भाषेवांचूनहि पोंचत असे, हें कबूल केलें पाहिजे. पुढें परवान्यांची दुसरी फेरी झाली. २००५ च्या धोरणानें ठराविक चढती फी गेली, आणि त्याऐवजीं उत्पन्नाच्या शेंकडा ४ प्रमाणें वार्षिक देणें आलें. विन् हें केंद्र तोंवर बंद पडलें होतें. नव्या व्यवस्थेंत लहरींच्या जागाहि हलविण्यांत आल्या. ‘गो’ चें नांव जाऊन ‘रेडिओ वन’ असें झालें, ९२.५ चे ९४.३ झाले, बी. बी. सी. ची एक व्यापारी शाखा भागीदार म्हणून आली, आणि इंग्रजी जाऊन हिंदी सिनेमाचीं ताजीं गाणीं आलीं. सुखवस्तु तरुणाऐवजीं आतां ‘सर्व मुंबईकर’ हा श्रोता ठरला. परंतु तोंवर खासगी केंद्रें सात झालीं होतीं, आणि बहुतेक सर्वांनीं त्याच मुंबईकरास त्याच दहा-पंधरा गाण्यांचें आमिष दाखविलें होतें. एका केंद्रावर अर्धें राहिलेलें गाणें सुई फिरवितांच दुसऱ्या केंद्रावर पुरें ऐकूं यावें, असा तो प्रकार! तेव्हां २०१३ सालीं ‘रेडिओ वन’ नें मुंबईंत हिंदी सोडून पुन्हा इंग्रजी धरली. अकरा वर्षांत त्याची प्रदक्षिणा पुरी झाली. मध्यंतरीं मराठी मात्र कोठेंच लागली नव्हती. मुंबईच्या खासगी केंद्रांवर मराठी गाणें ऐकूं येत नाहीं, अशी तक्रार त्या वर्षांत वारंवार होत असे. आणि तिचें उत्तर म्हणून मराठी गाण्यास जाहिरातदार मिळत नाहींत, असें सांगितलें जाई. आमच्या बाजूस कोळीगीतावांचून लग्नाची हळद उतरत नाहीं. पण हळदीस जाहिरातदार लागत नसल्यानें या दोन गोष्टींची गांठ कधीं पडली नाहीं.

दुसरें उदाहरण १०४.८ चें. येथें २००७ सालीं ‘म्यांव’ या नांवाचें एक केंद्र निघालें. मांजराच्या नांवास हंसणाऱ्यांनीं जरा थांबावें, कारण त्याची कल्पना धीट होती: केंद्र केवळ स्त्रियांसाठीं, आणि त्यावर गाण्यांपेक्षां बोलण्यास प्राधान्य. स्त्रियांनीं दूरध्वनि करावा, घरचें-दारचें बोलावें, ऐकणारीनें ऐकावें. ‘वनिता मंडळा’ चा वारसा सरकारी इमारतींतून खासगी इमारतींत गेला, असें त्या वेळीं आम्हांस वाटलें. भाषा शहरी हिंदी असली तरी सासूची गोष्ट कोणत्याहि भाषेंत कळते. सुमारें तीन वर्षांनीं तें केंद्र ‘ओये’ झालें. स्त्रिया गेल्या, तरुणांचीं धांगडधिंग्याचीं गाणीं आलीं. त्यानंतर तेंच ‘इश्क’ झालें, आणि प्रेमगीतांचा पाऊस पडूं लागला. यंत्राच्या कांट्यावरील जागा एकच; भाडेकरू तीन. बोलणारें केंद्र महाग पडतें आणि गाणारें स्वस्त, हें त्यामागील एक कारण. बोलण्यास विचार करणारीं माणसें पगारावर ठेवावीं लागतात. गाणें एकदां घेतलें कीं शंभरदां वाजवितां येतें. त्यांतून २०१० सालीं गाण्यांच्या मालकांस द्यावयाचा मोबदला केंद्राच्या निव्वळ जाहिरात-उत्पन्नाच्या शेंकडा २ इतका ठरला, तेव्हां गाणें आणखीच सोयीचें झालें. शिवाय खासगी केंद्रांस बातम्या देण्याची मनाईच होती. ज्यास बातमी सांगावयाची नाहीं व विचार परवडत नाहीं, त्यानें गावें नाहीं तर काय करावें?

श्रोता मोजण्याची एक पद्धतहि याच सुमारास आली. २००७ पासून मुंबईसारख्या कांहीं मोठ्या शहरांत निवडक लोकांस वह्या देत, आणि कोणतें केंद्र केव्हां ऐकलें तें त्यांनीं त्यांत टिपून ठेवावें, असा क्रम असे. त्या टिपणांवरून केंद्राचा क्रमांक, व क्रमांकावरून जाहिरातीचा दर. वही हातीं असलेला मनुष्य हाच खरा श्रोता. रेवसच्या कोणा तांडेलाच्या किंवा सुकट वाळविणाऱ्या बाईच्या हातीं अशी वही पडलेली आम्हीं पाहिली नाहीं. १९२७ सालीं परवाना नव्हता म्हणून आम्ही श्रोते नव्हतों, आणि २००७ सालीं वही नव्हती म्हणून नव्हतों. आवाज मात्र दोन्ही वेळीं आमच्या धक्क्यावरून जातच होता.

एखादा वाचक म्हणेल कीं, फुकट ऐकावयास मिळतें तर तक्रार कशाची? गाण्यापुरतें त्याचें म्हणणें आम्ही मान्य करितों. परंतु ११ नोव्हेंबर २००९ रोजीं ‘फयान’ हें चक्रीवादळ कोंकण किनाऱ्याशेजारून वर सरकत आलें, व अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान जमिनीवर चढलें. पावसाळा सरला म्हणून होड्या पाण्यांत होत्या. कोंकणांतले कित्येक मच्छीमार त्या दिवशीं परतले नाहींत. ज्या घरांत तरुण मुलांनीं जुनी मध्यम लहर सोडून एफ्. एम्. धरलें होतें, त्या घरांतील होडीच्या खुंटीस कोणता आवाज अडकविलेला होता, हा विचार तेव्हांपासून आमच्या मनांतून जात नाहीं. २०११ च्या धोरणानें खासगी केंद्रांस आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकविण्याची मुभा मिळाली, आणि हवामान, रहदारी, नैसर्गिक आपत्ति यांची माहिती ही बातमी समजूं नये, असेंहि ठरलें. म्हणजे आतां कायद्याची आडकाठी उरली नव्हती. हवामान सांगितलें जाऊं लागलें खरें. पण तें लोकल गाडीच्या व उड्डाणपुलाच्या दृष्टीनें. पाऊस आहे, छत्री घ्या! वारा नैर्ऋत्येचा कीं वायव्येचा, हें छत्रीवाल्यास लागत नाहीं.

३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ वादळ अलिबागजवळच किनाऱ्यास लागलें. त्या वेळीं सरकारचा इशारा मोबाइलवर वेळेवर आला होता, आणि होड्या अगोदरच किनाऱ्यास ओढल्या होत्या. त्या खात्याचे आभार मानलेच पाहिजेत. पण वादळ येऊन गेल्यावर विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे मुके झाले, आणि रायगडच्या कित्येक गांवांस अनेक दिवस अंधारांत काढावे लागले. त्या दिवसांत ज्याच्या घरीं दोन सेलांवर चालणारें जुनें यंत्र होतें, त्याच्या ओसरीवर गर्दी जमे. एक म्हातारे गृहस्थ यंत्राची आकाशकाडी खिडकीबाहेर धरून बसत, आणि घरांतली सून त्यांस ‘आबा, जरा उजवीकडे करा’ असें सांगे. पुढें २०२३ सालीं केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयानें मोबाइल बनविणाऱ्यांस सूचना दिली कीं, यंत्रांतील एफ्. एम्. ऐकण्याची सोय काढून टाकूं नका किंवा बंद ठेवूं नका, कारण आपत्तीच्या वेळीं ती कामास येते. आबांच्या आकाशकाडीस सरकारी दुजोरा मिळाला म्हणावयाचा.

असो. मुंबईच्या केंद्रांनीं रेवससाठीं बोलावें, असा हट्ट धरणें व्यर्थ आहे, हें आम्हांस समजतें. ज्याचें भाडें शहर भरतें तें शहरासाठींच गाणार. परंतु आपल्याच देशांत दुसरी एक वाट आहे. २००६ सालापासून लोकसंस्थांस लहानसें सामुदायिक नभोवाणी-केंद्र चालविण्याची परवानगी मिळूं शकते. त्याची शक्ति अल्प, पल्ला आसपासच्या कांहीं गांवांपुरता, आणि त्यावरील निदान निम्मे कार्यक्रम तेथल्याच लोकांच्या सहभागानें व्हावेत अशी अट. तामिळनाडूंत रामेश्वरजवळ पांबन येथें मच्छीमारांसाठीं ‘कडल ओसै’ हें असेंच केंद्र २०१६ पासून चालत आलें. त्या नांवाचा अर्थ समुद्राचा आवाज. तेथें गाणीं आहेत, गप्पा आहेत, आणि वारा कोणत्या दिशेचा हेंहि आहे. रेवस व बोडणी यांच्यामध्यें असा एक खांब उभा राहिला, तर समोरचें करंजा त्याच्या नजरेच्या टप्प्यांत येईल, कारण मधें पाण्यावांचून कांहीं नाहीं.

हा बेत आम्हीं त्या मेणकापडवाल्या तांडेलांच्या मुलास सांगितला. तेहि आतां तांडेलच आहेत, व वडिलांप्रमाणेंच थोडें बोलतात. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, “मास्तर, पगार कोन देनार?” आम्हीं सांगितलें कीं, २०२४ च्या नियमांप्रमाणें अशा केंद्रास तासाला बारा मिनिटें जाहिरात घेतां येते, आणि सरकारी जाहिरातीस दहा सेकंदांस ७४ रुपये मिळतात. त्यांनीं जाळें विणतां विणतांच हिशेब केला: बारा मिनिटांचे बहात्तर तुकडे, म्हणजे तासाला ५,३२८ रुपये, तेंहि सर्व तुकडे भरले तर. मग रेवसमध्यें जाहिरात देण्याजोगीं दुकानें कोणतीं, तीं ते बोटांवर मोजूं लागले. बर्फवाला, इंजिन दुरुस्त करणारा, जाळीं विकणारा. चवथें बोट बराच वेळ उभें राहिलें, मग ते म्हणाले, “सोसायटीला विचारून बघा. नारळी पुनवेआधी बैठक हाय.”